निर्वासित लेखकांचा हिशेबही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिटलरच्या काळात जर्मनी सोडून शेजारच्या देशांत राहिलेल्या जर्मन लेखकांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. मराठी वृत्तपत्रात हा विषय क्वचितच येतो, तो आल्याबद्दल आपले आभार. पण लेख वाचून असा समज होतो की ही मंडळी सीमा ओलांडून गेली, तिथे त्यांना मोकळेपणी लिहिता आले, आणि दुःख काय ते मायदेश सुटल्याचे राहिले. हे चित्र गोड आहे, पण अर्धे आहे. सीमेपलीकडे पोहोचल्यावर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न होता तो आपले पुस्तक छापणार कोण, विकणार कुठे आणि पुढच्या महिन्याचे खोलीभाडे द्यायचे कशातून, हा. आमच्यापैकी एक जर्मन शिकवतो, दुसरा छपाईच्या धंद्यात आहे. लेखात हिशेबाची ही बाजू अजिबात आली नाही, म्हणून हे पत्र. लांबले आहे, पण शक्य तर पूर्ण छापावे.

लेखात 'शेजारचा देश' असे सगळ्यांना एकत्र मोजले आहे. जर्मनीचे शेजारी दोन प्रकारचे होते. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि चेकोस्लोव्हाकिया इथे जर्मन वाचणारे लोक लाखांनी होते. फ्रान्स, हॉलंड, बेल्जियम, डेन्मार्क इथे ते तुलनेने थोडे होते. कोणालाही वाटेल की निर्वासितांची पुस्तके व्हिएन्ना किंवा झुरिचमध्ये निघाली असतील. प्रत्यक्षात ती काढणारी सगळ्यांत मोठी दोन प्रकाशनगृहे उघडली ॲमस्टरडॅममध्ये, जिथे रस्त्यावरचा माणूस डच बोलतो. कारण सरळ व्यापारी आहे. व्हिएन्नाच्या प्रकाशकाचा बराचसा माल जर्मनीत खपत असे. बंदी आलेल्या लेखकाचे एक पुस्तक काढले तर उरलेली सगळी यादी जर्मनीत अडकण्याची भीती. स्विस प्रकाशकांचीही तीच गत, झुरिचचा एमिल ओप्रेख्ट हा ठळक अपवाद. डच प्रकाशकाची पुस्तके मुळात डच भाषेत, जर्मनीत त्याचे गमावण्यासारखे काही नव्हतेच. म्हणून धाडस त्याला परवडले. त्याची हिंमत कमी लेखायची नाही, पण हिंमतीला व्यवहाराचा आधार होता हेही सांगायला हवे.

एमान्युएल क्वेरिदो हा ॲमस्टरडॅमचा ज्यू प्रकाशक. १९३३च्या वसंतात त्याने निको रोस्ट या डच लेखकामार्फत बर्लिनमधल्या फ्रित्झ लान्ड्सहॉफला निरोप धाडला: आमच्याकडे या, जर्मन विभाग काढू. लान्ड्सहॉफ तोवर गुस्ताव किपेनहॉयर या प्रकाशन संस्थेचा एक संचालक होता. कायझर्सग्राख्ट या कालव्याकाठी ३३३ क्रमांकाच्या इमारतीत काम सुरू झाले आणि त्याच शरद ऋतूत नऊ पुस्तके बाहेर पडली. हाइनरिख मान, फॉइष्टवांगर, टोलर, डोब्लिन, आना झेगर्स ही नावे पहिल्याच यादीत आहेत. थोड्याच अंतरावर दामराकवर अलर्ट दे लांगे या दुसऱ्या डच प्रकाशनाने जर्मन विभाग काढला. तो सांभाळणारे हेर्मान केस्टन आणि वाल्टर लान्डाउअर हेही किपेनहॉयरमधलेच. म्हणजे बर्लिनच्या एका कचेरीतून उठलेल्या तीन माणसांनी ॲमस्टरडॅममध्ये दोन संस्था चालवल्या. कोणता लेखक किती वेळाने हस्तलिखित देतो, कोणाला पैसे आगाऊ लागतात, कोणाच्या पुस्तकाला कोणत्या देशातून अनुवादाची मागणी येते, ही माहिती त्यांच्या डोक्यात होती. पळून येताना फायली आणता येत नाहीत, डोके आणता येते. १९४० पर्यंत एकट्या क्वेरिदोने शंभराहून अधिक जर्मन पुस्तके काढली.

आता छपाई. सोलापुरात एकाच छापखान्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू लग्नपत्रिका निघतात, त्यामुळे इथल्या मुद्रकांना हा भाग चटकन कळेल. जो मजकूर जुळवायचा त्याची भाषा जुळणी करणाऱ्याला येत नसेल, तर चुका वेगळ्या प्रकारच्या होतात. भाषा येणारा माणूस डोळ्यांनी शब्द वाचतो आणि हाताने भलताच पण अर्थ लागणारा शब्द जुळवतो, प्रूफ तपासतानाही तो निसटतो. भाषा न येणारा अक्षराला अक्षर जुळवतो, त्याच्या चुका निरर्थक असतात म्हणून लगेच दिसतात, पण ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा ते त्याला कळत नाही. जर्मनमध्ये तर शब्दाला शब्द जोडून वीस-पंचवीस अक्षरांचा एक शब्द होतो, तो भलत्या जागी तुटला की वाचणारा अडखळतो. त्यात लेखक विखुरलेले: कोणी पॅरिसच्या हॉटेलात, कोणी दक्षिण फ्रान्समधल्या सानारी या मासेमारीच्या गावात, कोणी झुरिचजवळ. प्रूफे टपालाने जाणार, टपालाने येणार, आणि मधल्या काळात लेखकाने हॉटेल बदललेले असणार.

पण खरी अडचण विक्रीची. जर्मन पुस्तकांचा सारा व्यापार लायप्झिग शहरातून चाले. व्हिएन्ना, प्राग, बासेल, कुठलाही दुकानदार शंभर प्रकाशकांची पुस्तके लायप्झिगच्या आडत्याकडून एका गठ्ठ्यात मागवी, एका बिलावर. निर्वासितांच्या पुस्तकांना तो दरवाजा बंद. मग ॲमस्टरडॅमहून प्रत्येक दुकानाला वेगळे पार्सल, वेगळे बिल, वेगळी वसुली, आणि तीही परक्या चलनात. डच गिल्डर सप्टेंबर १९३६ पर्यंत सोन्याशी बांधलेला होता, तेव्हा इतर चलने पडत गेली तशी डच किंमत बाहेरच्या गिऱ्हाइकाला चढीच वाटे. बहुतेक पुस्तकांची आवृत्ती तीन हजार प्रतींच्या आसपास निघे, फॉइष्टवांगरसारख्याची त्याहून बरीच मोठी. या लेखकांना जर्मनीत असताना किती वाचक होते ते ध्यानात घेतले तर तीन हजार म्हणजे काय ते कळेल.

त्यावर १९३५च्या सप्टेंबरात जर्मन सरकारने एक चाल केली, तिचा उल्लेख अशा लेखांत कधीच येत नाही. परदेशात विकल्या जाणाऱ्या जर्मन पुस्तकांच्या किमती सरसकट पंचवीस टक्क्यांनी उतरवल्या आणि प्रकाशकांची तूट भरून दिली. हेतू निर्यात वाढवून परकीय चलन मिळवण्याचा. पण झुरिच किंवा प्रागच्या दुकानात त्याचा परिणाम असा झाला की एकाच फळीवर जर्मनीत छापलेली कादंबरी एक चतुर्थांश स्वस्त आणि निर्वासित लेखकाची कादंबरी पूर्ण किमतीची. पुस्तक जाळायला आगकाडी पुरते, पण शेजारच्या देशात ते खपू नये म्हणून अनुदानाचे कोष्टक लागते. नाझी राजवटीने दोन्ही वापरले. आमच्या मते दुसऱ्याने केलेले नुकसान पहिल्यापेक्षा फार कमी नव्हते.

पुढे बाजारच आक्रसत गेला. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गेला, त्या शरदात चेकोस्लोव्हाकियाचा जर्मन भाषक सीमाभाग गेला, मार्च १९३९ मध्ये प्राग. या काळात क्वेरिदो, दे लांगे आणि व्हिएन्नाहून स्टॉकहोमला गेलेली बेरमान-फिशर या तीन प्रकाशन संस्थांनी विक्री एकत्र केली आणि 'फोरम' नावाची स्वस्त पुस्तकमाला काढली. काही वर्षे आधी सुचली असती तर उत्तम धंदा झाला असता अशी ती योजना होती. १९३९ मध्ये तिच्यापुढे वेळच उरला नव्हता.

लेखकाच्या हाती किती पडे? पद्धत अशी की प्रकाशक वर्षाकाठी एका कादंबरीचा करार करी आणि अपेक्षित मानधन दरमहा हप्त्यांनी आगाऊ देई. पुस्तक आले की विक्रीतून हप्ते वळते व्हायचे. तीन हजार प्रतींच्या विक्रीतून ते पुरते फिटत नसत, म्हणून उरलेला भार अनुवादांच्या हक्कांवर. ज्याच्या इंग्रजी आवृत्त्या खपत तो फॉइष्टवांगर सानारीत समुद्रावर घर घेऊन राहिला. ज्याच्या खपत नसत तो पुढच्या कादंबरीचे हप्ते मागच्या कादंबरीच्या कर्जात घाली. ऑस्ट्रियन कादंबरीकार योझेफ रोटचे प्रकाशक मोजून पाहा. १९३४ साली त्याची एक कादंबरी क्वेरिदोकडे, एक निबंधग्रंथ दे लांगेकडे. १९३६ मध्ये दे लांगे, १९३७ मध्ये पुन्हा क्वेरिदो, १९३८ मध्ये बिल्टहोव्हनचा दे खेमेनस्खाप हा तिसरा डच प्रकाशक. समीक्षक या काळातल्या त्याच्या पुस्तकांची घाई आणि अपुरेपणा दाखवतात. दाखवावा, पण शेजारी हप्त्यांचे कोष्टकही ठेवावे. २७ मे १९३९ रोजी पॅरिसच्या इस्पितळात तो गेला. त्याच्या दारूबद्दल पानेच्या पाने लिहिली जातात, तीन प्रकाशकांच्या देण्याबद्दल एक ओळही नाही.

हप्ते देणाऱ्याच्या यादीत असूनही सगळे लेखक एका बाजूला नव्हते, हे लेखात पूर्ण वगळले आहे. क्लाऊस मानने सप्टेंबर १९३३ मध्ये क्वेरिदोकडून 'दी झाम्लुंग' हे मासिक सुरू केले. पहिल्याच अंकात राजकीय सूर लागला. ऑक्टोबरात बर्लिनच्या सरकारी कचेरीने जर्मन पुस्तकविक्रेत्यांच्या व्यवसायपत्रात इशारा छापला, आणि पाठोपाठ टॉमस मान, डोब्लिन आणि शिकेले यांची 'या मासिकाशी आमचा संबंध नाही' अशी निवेदने आली. टॉमस मान म्हणजे संपादकाचे सख्खे वडील! त्यांच्या नव्या कादंबरीमालेचा पहिला खंड त्याच महिन्यात बर्लिनच्या फिशरकडून निघत होता, तो दुकानांत पोहोचायचा होता. या निवेदनांवरून निर्वासितांमध्ये जे भांडण पेटले ते पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिले. ज्याचे पुस्तक अजून जर्मनीत विकले जाते तो आणि ज्याचे जाळले गेले तो, अशा दोन जाती परदेशात तयार झाल्या होत्या. टॉमस मानने निर्वासितांची बाजू उघडपणे घेतली ती फेब्रुवारी १९३६ मध्ये झुरिचच्या वृत्तपत्रातल्या पत्राने, आणि त्याच डिसेंबरात त्याचे नागरिकत्व काढले गेले. मासिक मात्र ऑगस्ट १९३५ मध्ये, चोवीस अंकांनंतर, पैशाअभावी बंद पडले होते.

'मोकळेपणी लिहिता आले' याबद्दल. हाइन्झ लीपमानची कादंबरी १९३३ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये निघाली, आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये डच पोलिसांनीच त्याला पकडले. आरोप: मित्रराष्ट्राच्या प्रमुखाचा, म्हणजे हिंडेनबुर्गचा, अपमान. महिनाभर कैद आणि मग बेल्जियमच्या हद्दीत रवानगी. स्वित्झर्लंडची तऱ्हा अधिक सभ्य आणि अधिक चिवट. तिथे राहण्याचा परवाना काही महिन्यांचा, वरचेवर नवा करून घ्यायचा, बऱ्याचदा अनामत रकमेवर, आणि त्यावर अट की कमाईचे कोणतेही काम करायचे नाही. लेखकाच्या बाबतीत वर्तमानपत्रात लेख देऊन मानधन घेणे हेही कमाईचे काम. एखाद्याला परवाना द्यावा की नाही यावर परदेशी नागरिकांचे पोलीस खाते स्विस लेखक संघटनेचे मत मागवी, आणि संघटना नामवंतांना होकार, किरकोळ लिहिणाऱ्यांना नकार असा कौल देई. म्हणजे स्पर्धकाला गावात घ्यायचे का हे आधीपासूनच्या दुकानदारांना विचारण्याचा प्रकार. एल्झे लास्कर-श्यूलर ही मोठी कवयित्री १९३९ मध्ये पॅलेस्टाइनला गेली ती गेली, तिला परत येऊ दिले नाही. कादंबरीकार रॉबर्ट मूझिल १९३८ नंतर झुरिच आणि जिनिव्हात राहिला, त्याचे मोठे काम अपुरेच राहिले, १५ एप्रिल १९४२ रोजी तो वारला. उरलेला भाग पुढच्या वर्षी लोझानमध्ये छापून घेतला तो त्याच्या पत्नीने, मार्थाने, प्रकाशकाशिवाय. त्याच झुरिचच्या नाट्यगृहात १९४१ ते १९४३ या तीन वर्षांत ब्रेख्टच्या तीन मोठ्या नाटकांचे पहिले प्रयोग झाले, हेही खरे. देश एकच, पण नाट्यगृह आणि पोलीस खाते वेगवेगळ्या माणसांच्या हातात होते.

कागदपत्रांचा एक प्रकार मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. १४ जुलै १९३३च्या कायद्याने जर्मन सरकारला परदेशी गेलेल्यांचे नागरिकत्व काढून घेता येऊ लागले. ऑगस्टच्या पहिल्या यादीत तेहतीस नावे होती, त्यात हाइनरिख मान, फॉइष्टवांगर, टोलर, तुखोल्स्की. बाकीच्यांचे पासपोर्ट मुदत संपताच मेले, कारण वकिलात ते नवे करून देईना. बिनकागदी माणसाला हॉटेल, टपाल, बँक, लग्न, सगळीकडे अडते. यातून हाइनरिख आणि टॉमस मान या भावांना बाहेर काढले ते बोहेमियातल्या प्रोसेच नावाच्या लहानशा गावाने. चेकोस्लोव्हाकियाच्या कायद्यात नागरिकत्वाआधी एखाद्या गावाचा रहिवासी हक्क लागे, आणि तो हक्क देणे हे स्थानिक पंचायतीच्या हातात. मोठ्या शहरात हाइनरिखचा अर्ज रखडला होता. प्रोसेचच्या रुडॉल्फ फ्लाइशमान या कापड व्यवसायातल्या गृहस्थाने आपल्या गावात ठराव मांडून तो मंजूर करून घेतला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९३६ मध्ये, हाच गृहस्थ झुरिचजवळच्या क्युसनाख्टला जाऊन टॉमस मानला भेटला, आणि नोव्हेंबरात टॉमस मान चेकोस्लोव्हाक नागरिक झाला. डिसेंबरात जर्मनीने त्याचे नागरिकत्व काढले तेव्हा काढायला फारसे काही उरलेच नव्हते. कापडासाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या सोलापुरात प्रोसेचचे नाव कोणाला ठाऊक नसावे याचे आम्हाला वाईट वाटते.

जर्मनीच्या आत वाचक होताच, त्याच्यापर्यंत पोहोचायचे कसे? इथे छपाईची कारागिरी पाहण्यासारखी आहे. निषिद्ध मजकूर अगदी पातळ कागदावर, बारीक टाइपात, खिशात मावेल अशा आकारात छापायचा. मुखपृष्ठ निरुपद्रवी पुस्तकाचे. नुसते मुखपृष्ठ पुरत नाही, कारण सीमेवरचा शिपाई पहिले पान उघडतो आणि पुष्कळदा शेवटचेही. म्हणून पहिली आणि शेवटची काही पाने खरोखर त्या निरुपद्रवी पुस्तकाची, तिथेच वाक्याच्या मध्ये खरा मजकूर सुरू. जर्मनीत घराघरांत असणाऱ्या रेक्लाम या स्वस्त मालिकेचे रूप यासाठी सोयीचे. राइखस्टाग या जर्मन संसदभवनाच्या जाळपोळीवरचा पॅरिसमध्ये तयार झालेला ग्रंथ गटे आणि शिलर यांच्या रेक्लाम पुस्तकांच्या वेषात आत गेला. सत्य लिहिण्यातल्या पाच अडचणींवरचा ब्रेख्टचा निबंध 'प्रथमोपचाराचा व्यवहारोपयोगी मार्गदर्शक' अशा नावाने फिरला, शिवाय सरकारी लेखक संघटनेची नियमावली म्हणूनही. चहाच्या, शांपूच्या, बियाण्यांच्या पुड्यांतूनही पत्रके गेली. यात जोखीम उचलणारा लेखक नसे. तो पॅरिसला असे. सापडे तो पुडी नेणारा.

ही विद्या नवी नव्हती. जर्मन लेखकांनी सीमा ओलांडून छापणे हे शंभर वर्षांपूर्वीही केले होते. जर्मन राज्यांनी १८१९ मध्ये केलेल्या कार्ल्सबाड ठरावांनी वीस फॉर्म्यांपर्यंतच्या सर्व छपाईला आधी सेन्सॉरकडे जाणे बंधनकारक केले. सोळा पानांचा फॉर्मा धरला तर वीस म्हणजे तीनशे वीस पाने. समजूत अशी की जाड पुस्तक महाग असते, ते गरीब वाचत नाही, म्हणून त्यातून बंड होत नाही. मग प्रकाशकांनी पान लहान केले, टाइप मोठा केला, समास रुंद केला आणि पुस्तक एकविसाव्या फॉर्म्यात ढकलले. कवी गेओर्ग हेरवेगने १८४३ मध्ये झुरिच-विंटरटूरहून एक संग्रह काढला आणि त्याचे नावच ठेवले 'स्वित्झर्लंडहून एकवीस फॉर्मे'. मुद्रकाने मुद्रकासाठी केलेला विनोद याहून चांगला आमच्या पाहण्यात नाही. कवी हाइने त्या वेळी पॅरिसात होता, १८३१ पासून, आणि तिथेच तो १८५६ मध्ये वारला. नाटककार ब्यूश्नर आठ पानांचे पत्रक काढून स्ट्रासबुर्गला आणि तिथून झुरिचला गेला, तेविसाव्या वर्षी तापाने गेला. आठ पाने वीस फॉर्म्यांच्या फार अलीकडे येतात.

आणि आपल्याकडचे उदाहरण द्यायला पुरवणीतल्या लेखाच्या लेखकाला जर्मनीपर्यंत जायची गरज नव्हती. तुळजापूर निझामाच्या राज्यात आणि सोलापूर ब्रिटिश मुलखात अशी स्थिती होती तेव्हा आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक १९३८ मध्ये पुण्याहून काढले. निझामाने बंदी घातली की ते दुसऱ्या नावाने निघे. पुढे १९४७-४८ मध्ये मराठवाड्यातले कार्यकर्ते सोलापूर-बार्शी भागात सरहद्दीच्या छावण्यांत राहून काम करत होते. वाघमाऱ्यांना एक सोय होती: हद्दीच्या दोन्ही बाजूंना वाचक मराठी, छापखाना मराठी, टपाल एका भाषेचे. लान्ड्सहॉफला ती नव्हती. ही तुलना पुरवणीत आली असती तर धाराशिव-लातूरच्या वाचकांनाही विषय आपला वाटला असता.

शेवट कसा झाला तेही थोडे दुरुस्त करायला हवे. लेखात 'युद्ध सुरू होताच सर्व अमेरिकेला गेले' असे आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये फ्रान्सने याच हिटलरविरोधी लेखकांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून छावण्यांत घातले, मे १९४० मध्ये पुन्हा. दक्षिण फ्रान्समधल्या एक्सजवळच्या ले मिल इथली छावणी म्हणजे विटा-कौलांचा बंद कारखाना. फॉइष्टवांगर तिथे होता, आणि तिथेच नाटककार वाल्टर हाझेनक्लेव्हरने जून १९४० मध्ये झोपेच्या गोळ्या घेऊन जीव दिला. २२ जूनच्या युद्धबंदी कराराच्या एकोणिसाव्या कलमाने फ्रान्सवर जर्मनी मागेल त्या जर्मनाला हवाली करण्याचे बंधन आले. बाहेर पडायचे तर कागदांची रांग अशी: आधी समुद्रापलीकडच्या देशाचा व्हिसा, त्यासाठी तिथल्या कोणाची हमी. तो दाखवून आणि जहाजाचे तिकीट दाखवून पोर्तुगालचा मार्गव्हिसा. तो दाखवून स्पेनचा. आणि या सगळ्यांच्या वर फ्रान्समधून निघण्याचा परवाना, जो देणारे सरकार जर्मनीच्या दबावाखाली. प्रत्येकाला स्वतंत्र मुदत. चौथा कागद हाती येईपर्यंत पहिला संपलेला असे, मग पुन्हा रांगेच्या शेवटी. अमेरिकन पत्रकार व्हेरियन फ्राय ऑगस्ट १९४० मध्ये मार्सेयला आला तो सोडवून न्यायच्या सुमारे दोनशे जणांची यादी आणि तीन हजार डॉलर घेऊन. त्याच्या मदतीने सप्टेंबरात एकोणसत्तर वर्षांचा हाइनरिख मान पिरेनीजचा डोंगर पायी ओलांडून स्पेनमध्ये उतरला. समीक्षक-विचारवंत वाल्टर बेन्यामिनकडे तीन व्हिसे होते, निघण्याचा परवाना नव्हता. स्पेनच्या हद्दीतल्या पोर्तबूच्या चौकीवर त्याला परत पाठवणार असे सांगितले, २६ सप्टेंबरला तो तिथेच मेला.

आणि ॲमस्टरडॅम? मे १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा लान्ड्सहॉफ योगायोगाने लंडनला होता, म्हणून वाचला. लान्डाउअर बेर्गन-बेल्झनच्या नाझी छळछावणीत १९४४ साली गेला. एमान्युएल क्वेरिदो आणि त्याची पत्नी लपून राहिले होते, ते पकडले गेले आणि जुलै १९४३ मध्ये सोबिबोरच्या मृत्युछावणीत मारले गेले. लेखात सगळ्या लेखकांचे फोटो आहेत, क्वेरिदोचे नावही नाही.

आता जे आपल्याला करता येईल ते. यातले पुष्कळ साहित्य मराठीत आणायला आज कोणाची परवानगी लागत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरचे साठ वर्षे, पुढल्या १ जानेवारीपासून मोजून, हक्क राहतो. नाटककार होर्वाट १९३८ मध्ये, रोट आणि टोलर १९३९ मध्ये, मूझिल १९४२ मध्ये वारले, ते केव्हाच मोकळे. क्लाऊस मान २०१० पासून, हाइनरिख मान २०११, टॉमस मान २०१६, डोब्लिन २०१८, फॉइष्टवांगर २०१९ पासून मोकळे. आना झेगर्स १९८३ मध्ये आणि कादंबरीकार इर्मगार्ड कॉइन १९८२ मध्ये वारल्या, त्यांच्यासाठी रीतसर हक्क घ्यावेच लागतील. ब्रेख्ट २०१७ पासून मोकळा वाटतो, पण त्याच्या काही नाटकांना सहलेखिका आहेत. संयुक्त लेखनात शेवटी वारलेल्याची तारीख धरतात, म्हणून नाटक निवडताना श्रेयनामावली पाहावी. जर्मनीत मुदत सत्तर वर्षांची आहे. मराठी ई-पुस्तक तिकडे विकायचे असेल तर ब्रेख्टसाठी २०२६ अखेर, डोब्लिनसाठी २०२७ आणि फॉइष्टवांगरसाठी २०२८ अखेरपर्यंत थांबावे.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो इंग्रजीवरून भाषांतर करण्यात. मूळ मोकळे असले तरी इंग्रजी अनुवादकाचा हक्क वेगळा आणि बहुधा जिवंत असतो, त्यावरून केलेले मराठी भाषांतर बेकायदा ठरते. शिवाय मूळ आवृत्ती कोणती हे आधी ठरवावे. फॉइष्टवांगरची एका ज्यू कुटुंबावरची कादंबरी १९३३ मध्ये क्वेरिदोने काढली तेव्हा ओपरमान नावाच्या नाझी पदाधिकाऱ्याच्या हरकतीमुळे कुटुंबाचे नाव ओपेनहाइम करावे लागले, इंग्रजीत ते ओपरमानच राहिले, आणि नंतरच्या जर्मन आवृत्त्यांतही ते परत आले. कोणती प्रत समोर आहे हे न सांगता भाषांतर केले तर वाचकाला दोन वेगळी पुस्तके आहेत असे वाटेल. मूळ जर्मन पाठासाठी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाचे ग्रंथालय जवळचे. फ्रँकफुर्टच्या जर्मन राष्ट्रीय ग्रंथालयात १९३३ ते १९४५च्या निर्वासित साहित्याचा स्वतंत्र संग्रह आहे, आणि पत्राने विचारलेल्या नेमक्या प्रश्नाला अशा ठिकाणाहून उत्तर मिळण्याची शक्यता असते, पण प्रश्नात पुस्तकाचे नाव, साल आणि प्रकाशक हवेत.

आपल्या पुरवणीत क्रमशः छापायला रोटची एखादी लघुकादंबरी आकाराने सोयीची आहे. थेट जर्मनवरून अनुवाद करून द्यायला आणि प्रूफे तपासायला आमची तयारी आहे. अट एकच: पहिल्या हप्त्याच्या खाली मूळ प्रकाशकाचे नाव, गाव आणि साल छापावे.

कळावे,
आपले,
जर्मनचे एक अध्यापक आणि एक मुद्रक
सोलापूर